दोरीवरची चादर

"चादर काय म्हणतेय?" यांनी गच्चीतल्या खुर्चीवरून विचारलं.

"अहो, आत्ताच सांगितलं. घराकडे फडफडतेय."

"ते मघाचं झालं. आत्ताचं विचारतोय."

आमचं घर धावपट्टीच्या एका टोकाला. पलीकडच्या टोकाला नदी, आणि वारा दाखवणारी कापडी पिशवीही तिकडेच. शेजारी टेकडी असल्याने पिशवी एक सांगते आणि आमच्या गच्चीवर भलताच वारा. पट्टीवर विचारायला माणूस नाही. म्हणून हे विमान चालवत तेव्हा मी गच्चीच्या नदीकडच्या कडेला दोरीवर पांढरी चादर टाकायची, मळलेली असो वा नसो. ती घराकडे उडाली तर आमच्या डोक्यावरून येऊन हे उतरत. नदीकडे उडाली तर वरच घिरट्या. पट्टी आखूड, पाठीशी वारा असताना टेकलं, तर विमान थांबणार ते नदीतच. शेजारणी मात्र म्हणायच्या, बाईला धुण्याचं वेड आहे.

पुढे यांची नजर गेली, विमान सुटलं. आज आमची लेक, चिमणी, टपाल घेऊन पहिल्यांदा एकटी इथे उतरणार होती, म्हणून चादर पुन्हा दोरीवर.

मी चहा आणायला खाली गेले. कप घेऊन वर येते तोच विमानाचा आवाज आला. चादर बघते तर गप्प. इस्त्रीला घातल्यासारखी ताठ.

"वारा पडला वाटतं," मी म्हटलं.

"पडला कसा? माझ्या मानेला लागतोय." यांचं तोंड नदीकडे होतं. "नीट बघ."

नीट बघितलं. चादरीची खालची दोन्ही टोकं कुंड्यांखाली दाबलेली.

"उडून गेली असती गं," परवा राहायला आलेल्या नणंदबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुझं लक्षच नसतं."

मी कप टाकला. एक कुंडी लाथेने लोटली, दुसरी हाताने. चादर सुटली ती सरळ नदीकडे. विमान इतकं खाली आलं होतं की चाकं दिसली. मग इंजिनाचा सूर चढला आणि ते आमच्या डोक्यावरून वर निघून गेलं.

"शहाणी आहे," हे पुटपुटले. खुर्चीचे हात मात्र घट्ट धरलेले.

ती घिरट्या घालत राहिली. हे विचारत राहिले, मी सांगत राहिले. शेवटी चादर लोंबली, जरा विचारात पडली आणि घराकडे वळली. चिमणी आली, टेकली, नदीच्या बरीच अलीकडे थांबली.

"थांबली," मी म्हटलं.

"ऐकलं."

नणंदबाई कुंडीतली सांडलेली माती गोळा करत होत्या. "आता काढू का गं ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी काढतो," म्हणत हे उठले. दोरी चाचपत एकेक चिमटा काढला, चादर ओढून घेतली आणि या काठापासून त्या काठापर्यंत हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"एवढीच आहे होय ही?" म्हणाले. "वरून केवढी मोठी दिसायची."