थोरलीचा आवाज

नवरा गेल्यावरही वहिनींनी त्याचा धंदा बंद केला नाही. फंक आणि सोल या पाश्चात्त्य ढंगांची, कोणी फारशी न ऐकलेली जुनी गाणी शोधायची आणि नव्याने तबकड्यांवर काढायची, असा तो धंदा. गायकांना गाठून परवानगी घेणं वहिनींकडे. यंत्रांचं सगळं त्यांच्या दिराकडे, म्हणजे भावजींकडे.

या खेपेला एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या भंगारात एक छोटी तबकडी हाती लागली. बाईचा आवाज कोवळा, टोकदार. खाली बास गिटार अशी उसळणारी की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहू नयेत. त्या गायिकेने तेवढं एकच गाणं केलं होतं. पुढे ती कुठे गेली, कोणालाच ठाऊक नव्हतं.

बरीच विचारपूस केल्यावर ती सापडली एका लॉन्ड्रीत. सत्तरीला टेकलेली थोरली आणि तिची धाकटी बहीण, दोघी मिळून ती लॉन्ड्री चालवत होत्या. इस्त्री केलेल्या चादरींच्या चळतीशेजारी वहिनींनी प्लेअर ठेवला आणि सुई टेकवली.

थोरलीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण ही मी नाही."

"काहीतरीच काय, ताई!" धाकटी मागून ओरडली. "मी होते ना तिथे! मागचे सूर मी धरले होते. गायलीस तूच."

"तू गप्प बस."

वहिनी चक्रावल्या. न गायलेलं गाणं आपलं म्हणणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. गायलेलं नाकारणारी बाई ही पहिलीच. "मग परवानगी कोणाची घेऊ?" त्यांनी चाचरत विचारलं.

"जिचा आवाज आहे तिची घ्या," थोरली म्हणाली, आणि तिने धाकटीकडे असं पाहिलं की वहिनींना काहीच उमगेना.

सगळं ऐकून घेतल्यावर भावजींनी कान खाजवला. "वहिनी, मला आधीपासूनच काहीतरी खटकतंय. यातली गिटार कुठल्याच पट्टीत बसत नाही. दोन पट्ट्यांच्या मधेच लटकतेय."

त्यांनी गाण्याचा वेग हळूहळू उतरवत नेला. गिटार पट्टीत बसली, आणि त्याबरोबर आवाजही बदलला. भरदार, थोडा जड, पोटातून आलेला.

या वेळी दोघं मिळून लॉन्ड्रीत गेले. हे गाणं सुरू झालं आणि थोरलीचा हात जागच्या जागी थबकला. जळका वास आला तेव्हा धाकटीने धावत येऊन इस्त्री उचलली.

"ही मी," थोरली म्हणाली. "ही मीच आहे. मग रेडिओवर लागायची ती कोण?"

"तीही तुम्हीच," भावजी म्हणाले. "गाणं नाचायला हलकं व्हावं म्हणून कंपनीने वेग वाढवला असणार. वेग वाढला की आवाजही चढतो."

थोरलीने स्टूल ओढून घेतलं. "मला वाटलं, माझा जाडा आवाज त्यांना आवडला नाही. मला न सांगता हिच्याकडून गाऊन घेतलं. म्हणून तर गाणं सोडलं मी."

आता धाकटी बहिणीच्या गळ्यात पडेल, असं वहिनींना वाटलं. पण तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे इतकी वर्षं तुझ्या लेखी मी चोर होते?"

"मी कधी बोलले का तुला?"

"तेच तर! बोलली असतीस तर निदान भांडता तरी आलं असतं."

धाकटी आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

"आपण बरं केलं की वाईट?" रस्त्यावर आल्यावर भावजींनी विचारलं.

"मला नका विचारू," वहिनी म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते कशाचं, हेही सांगता येत नव्हतं.

काही दिवसांनी धाकटी एकटीच वहिनींच्या ऑफिसात आली. दोन्ही गाणी तिने पुन्हा पुन्हा लावायला लावली.

"हळू आहे ते तबकडीवर काढणार आहोत," वहिनी म्हणाल्या. "खरं तेच ना!"

"आणि दुसरं?"

"ती कंपनीची लबाडी."

"असेल लबाडी. पण ते रेडिओवर लागलं की दर वेळी मी ताईला सांगायचे, तूच गायलीस म्हणून. आणि आता तेच खोटं म्हणून टाकून देणार तुम्ही?"

शेवटी तबकडीच्या एका बाजूला हळू गाणं आलं, दुसऱ्या बाजूला वेगातलं, आणि वेष्टनावर दोघी बहिणींची नावं.

तबकडी बहिणींच्या घरी पोचली त्या दिवशी थोरलीचा फोन आला. आवाज दबका होता.

"एक विचारू? कोणाला सांगू नका. मला सगळं पटलंय हो. पण ती वेगातली बाजू लावली की अजूनही धाकटीच गातेय असं वाटतं. माझे कान बिघडलेत का?"

खरं सांगायचं तर, दोघी बहिणींना बोलताना ऐकल्यापासून वहिनींनाही अधूनमधून तसंच वाटत होतं.

"कोणाशी कुजबुजतेयस, ताई?" पलीकडून धाकटीचा आवाज आला. "बाजू उलट ना, कधीची संपलीय."