पिवळ्या अक्षरांतली कुरकुर

तैवानमधल्या सिंचूच्या त्या छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या उमेदवारीनंतर यू-शुनला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे शुक्रवारी ठरणार होतं. त्याच्या नावावर एकच काम जमा होतं: साहेबांच्या सोनेरी ड्रॅगन माशाच्या टाकीतला हीटर चालवणारा सी भाषेतला प्रोग्राम.

लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने त्याला पिवळ्या अक्षरांत बजावलं होतं. पाण्याचं तापमान सांगणारं हे फंक्शन कुठलं, काय देतं, हे वर कुठे जाहीर केलेलं नाही. ते पूर्णांक देतं असं मी आपला धरून चालतो. यू-शुनच्या मते लाल अक्षरं म्हणजे चूक आणि पिवळी म्हणजे शेजाऱ्यांची कुरकुर. ती बंद कशी करायची, हे शोधण्यात त्याने अख्खी दुपार घालवली. फंक्शनची ओळख करून द्यायला एक ओळ पुरली असती.

सोमवारी मासा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकू लागला.

साहेबांनी टाकीवरचं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट उचललं. यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून त्यांच्यावर असं पाकीट ठेवायची तिकडे पद्धत आहे. "मुदत संपलीये. तरीच."

नवं पाकीट आलं. हीटर तापतच राहिला. गप्प बसलो तर दोष खाऊवर जातो, नोकरी राहते, मासा तेवढा जातो, असा हिशेब यू-शुनने मांडला. मासा त्याच्याकडे बघत होता. तो सगळ्यांकडेच तसा बघायचा, पण हिशेब फिसकटला.

"साहेब, पाकिटाचा दोष नाही. तापमान येतं दशांशात, माझा प्रोग्राम ते पूर्णांक समजून भलतंच वाचतो; पाणी उकळायला आलं तरी त्याला तीनच अंश दिसतात. त्याला वाटतं मासा गारठलाय. कंपायलर सांगत होता मला."

"मग ऐकलं का नाहीस?"

"त्याचं तोंड बंद केलं होतं."

"हुशार आहे हो पोरगा," म्हणत शेजारच्या टेबलावरच्या शू-फेनताईने प्लग उपटला.

यू-शुनने ती एक ओळ लिहिली. तरी साहेबांनी हीटर परत प्रोग्रामला जोडू दिला नाही. त्यांनी काचेचा थर्मामीटर त्याच्या हातात दिला. "यंत्र नको. तू बघायचं, तूच हीटर लावायचा."

"पण शुक्रवारी माझं..."

"हा मासा वीस वर्षं जगतो. दर सहा महिन्यांनी नवा माणूस कुठून आणू? झालास कायम."

संध्याकाळी आईचा फोन आला. "झालास ना रे कायम? हुद्दा काय दिला?"

"थर्मामीटर," यू-शुन म्हणाला.