दोघांचं यार्ड

ग्रंथालयाच्या तळघरात एक अख्खी रेल्वे होती, आणि तिचा एकही प्रवासी आजवर तक्रार घेऊन आला नव्हता. प्रवासी अर्ध्या पेराएवढे होते आणि फलाटाला डिंकाने चिकटवलेले होते. बाकी सगळं खऱ्यासारखं होतं. डोंगर, बोगदे, पूल, उशिरा येणाऱ्या गाड्या आणि अध्यक्ष.

ही छोटी रेल्वे चालवणाऱ्या हौशी मंडळाचे अध्यक्ष हे निवृत्त दंतवैद्य. जन्मभर लोकांच्या तोंडात बोळे कोंबून त्यांच्याशी गप्पा मारल्यामुळे, समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो ही कल्पना त्यांना जरा नवीनच होती.

या रेल्वेच्या मधोमध यार्ड होतं. आलेली मालगाडी तिथे मोडायची, एकेक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, तिच्या गावाच्या रुळावर लावायची आणि मग नवी गाडी जोडून पुढे पाठवायची. जोडायचं काम उजव्या टोकाला घड्याळजीकडे, मोडायचं डाव्या टोकाला त्याच्या मेहुण्याकडे. मधला लांब रूळ मात्र दोघांचा. सामाईक विहिरीवरून होतात तेवढी भांडणं त्या रुळावरून होऊन गेली होती. एकदा दोघांची इंजिनं तिथे समोरासमोर भिडली आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी घड्याळजीच्या बायकोने, म्हणजे मेहुण्याच्या ताईने, चहाचा थर्मास टेबलावर आपटून निकाल दिला.

"दुसऱ्याच्या घरात शिरताना विचारता ना? मग इथे विचारायला काय जीभ झडते तुमची?"

तेव्हापासून रिवाज पडला. सामाईक रुळावर इंजिन घालण्याआधी मेहुणा विचारायचा, "येऊ का, दाजी?" घड्याळजी रुळाकडे बघून म्हणायचा, "ये, घर तुझंच आहे." ताई गेली. थर्मासही कुणीतरी नेला. रिवाज राहिला.

मेहुण्याची सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं लावण्यात गेलेली. म्हणत, की तो पाठ फिरवून पत्र भिरकावायचा आणि ते बरोबर आपल्या खणात जाऊन पडायचं. अशा माणसाने एका रविवारी निळ्या ठिपक्याच्या वाघिणी लाल ठिपक्याच्या रुळावर नेऊन लावल्या. प्रत्येक वाघिणीच्या टपावर तिच्या गावाच्या रंगाचा ठिपका असे. चुकायला वावच नव्हता.

"काय रे, डोळे घरी ठेवून आलास?" घड्याळजीने टोला हाणला. मेहुणा हसला. पुढच्या रविवारीही तेच झालं, आणि मेहुणा हसलाही तसाच. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, निळा म्हणजे कुठलं गाव हो?"

मग घड्याळजीने टोले मारणं सोडलं.

घरी सुनेने मेहुण्याच्या हातून गॅस काढून घेतला होता, मग किल्ल्या, मग पाकीट. "बाबा, तुम्ही फक्त बसा," एवढंच त्याच्या वाट्याला उरलं होतं. फक्त या तळघरात तो अजून कुणीतरी होता. यार्ड गेलं की तेही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेव्हा घड्याळजी चिमट्याने वाघिणी उचलू लागला. चुकीच्या रुळावरून उचलायची, बरोबर रुळावर ठेवायची. हाताने वाघीण उचलणं हे त्या मंडळात पाप. इंजिनाने करायचं ते इंजिनानेच. म्हणून अध्यक्षांची पाठ वळेपर्यंत थांबावं लागे, आणि गाड्या तुंबत.

"उजव्या टोकाला काय घोळ चाललाय?" अध्यक्ष ओरडत.

"चूक माझी," घड्याळजी म्हणे. "नजर पहिल्यासारखी राहिली नाही."

इतकं खोटं तो कुठल्या गिऱ्हाइकाशीही बोलला नव्हता, आणि तो घड्याळं दुरुस्त करणारा होता.

खोटं उत्तम वठलं. इतकं, की एका रविवारी अध्यक्षांनी सगळ्यांना गोळा केलं, घड्याळजीच्या हातात फुलं दिली आणि भिंतीपाशी ठेवलेल्या नव्या गादीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आता विश्रांती घ्या. उजवं टोक वकीलबाई बघतील. डाव्याची काळजीच नको, आपले मेहुणे कसे खणखणीत आहेत!"

सगळ्यांत जोरात टाळ्या मेहुण्याने वाजवल्या. "दाजी, वय कुणाला चुकलंय?" तो समजूत घालत म्हणाला.

खरं सांगायला घड्याळजीने तोंड उघडलं. पण मेहुणा इतका ताठ उभा होता, की त्याने ते तसंच मिटलं आणि खुर्चीत जाऊन बसला. खुर्ची ठेंगणी होती. तिच्यातून डोंगर दिसत, माणसांची डोकी दिसत. रूळ दिसत नसत.

पुढच्या रविवारी मेहुण्याने मालगाडी आणली, सामाईक रुळाच्या तोंडाशी थांबवली आणि विचारलं, "येऊ का, दाजी?"

"थांबा जरा, माझे डबे आहेत तिथे," वकीलबाई म्हणाल्या. डबे निघेपर्यंत मेहुण्याने तीनदा विचारलं. मग त्या म्हणाल्या, "हं, आता आणा."

गाडी हलली नाही.

"अहो, आणा म्हटलं ना!"

"असं नाही," मेहुणा म्हणाला.

मागे दुसरी गाडी येऊन थांबली. बोगद्यात तिसरी. वकीलबाईंनी वाट बघून आपले डबे पुन्हा त्या रुळावर घेतले. अध्यक्ष तरातरा आले. "काय झालं? इंजिन बिघडलं का?"

"दाजींनी ये म्हटल्याशिवाय शिरायचं नाही," मेहुणा म्हणाला. "ताई रागावेल."

तळघरात सगळ्यांनाच आपापल्या बुटांकडे बघावंसं वाटलं. ताईला पोचवायला त्यातले बहुतेक जण गेले होते. मेहुणाही होता, सगळ्यांत पुढे.

"येऊ का, दाजी?" आता आवाज रडवेला झाला होता.

घड्याळजीला खुर्चीतून रूळ दिसत नव्हता. उठून बघायला हवं होतं. पण तो आवाज त्याला ऐकवेना.

"ये रे," तो बसल्याबसल्या म्हणाला, "घर तुझंच आहे."

इंजिन लगेच निघालं आणि वकीलबाईंच्या डब्यांवर जाऊन आदळलं. पाच-सहा वाघिणी टेबलावरून खाली पडल्या.

मेहुणा वळला. "तुम्ही ये म्हणालात."

"म्हणालो. चूक माझी," घड्याळजी म्हणाला. "न बघता म्हणालो. खरंच माझी."

इतके दिवस हे वाक्य खोटं होतं आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास होता. आज ते खरं होतं, आणि अध्यक्षांनी नुसताच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, काहीही न बोलता ते आत गेले आणि घड्याळजीच्या शेजारी ठेवायला दुसरी खुर्ची घेऊन आले.

मेहुण्याच्या हातात खाली पडलेली एक निळ्या ठिपक्याची वाघीण होती. खुर्चीपाशी येऊन तो थांबला.

"येऊ का, दाजी?"

या वेळी घड्याळजीने आधी शेजारच्या खुर्चीकडे नीट पाहून घेतलं. ती रिकामी होती.

"ये," तो म्हणाला.