बोटांतली नावं

“माय, हे गेलं,” कॉम्प्युटरच्या उघड्या पोटातून मान बाहेर काढत नैषध म्हणाला. “धुगधुगीसुद्धा नाही.”

“काल तर खोकत होतं!”

“म्हातारी माणसं अशीच जातात. काल खोकतात, आज नसतात.”

“म्हातारं कोणाला म्हणतोस रे टकल्या? माझ्याहून त्रेचाळीस वर्षांनी लहान आहे ते!”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आलामायपुढे बोलायची नवसारीत कोणाची छाती नव्हती. नैषध देसाईचं स्टेशन रोडला दुरुस्तीचं दुकान होतं, पन्नाशी उलटली होती, घरात जावई आला होता. तरी तो फुदिन्याच्या चहात बटासा बिस्किट बुडवू लागला.

मुक्ताद पाच दिवसांवर आला होता. पारशी वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत गेलेली माणसं घरी येतात. अगियारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, त्यांच्यासाठी फुलं मांडतात आणि मोबेद, म्हणजे पुजारी, ‘बेहदीन’ हा मानाचा शब्द लावून एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात. नाव घेतलं नाही तर आलेला माणूस दारातच ताटकळतो, असं आलामायची सासू सांगायची. ही सगळी नावं या मेलेल्या डब्यात होती.

आलामाय शिकली चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेनं. नव्वद साली अगियारीच्या मंडळींनी हा कॉम्प्युटर आणला, तेव्हा दोन बी.ए. झालेले बावाजी त्यापुढे बसून घाम पुसत होते. आलामाय चहा द्यायला गेली होती. ती म्हणाली, “सरका.” महिनाभर तिनं घरच्या ओट्यावर खडूनं बटणं आखून बोटं बसवली. गुजराती लिहायचा तो कार्यक्रम, त्याचा निळा पडदा, त्यावरची पांढरी अक्षरं, सगळं तिच्या हाताखाली आलं. कॉम्प्युटरही मग तिच्याच घरी राहायला आला. एक नाव लिहिलं की वरच्या रांगेतलं उजव्या टोकाचं बटण दाबून ती ते जपून ठेवी. प्रत्येक नावाला एकदा. नवसारीच्या विजेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

अगियारीचे मोठे मोबेद एरवद रोहिंतन दुपारी ओट्यावर येऊन बसले.

“आलामाय, एवढं काय मनाला लावून घेता? घरोघरी फोन करतो. ज्याची त्याची नावं जो तो पाठवील.”

“आणि ज्यांच्या घरी फोन उचलायला कोणी नाही त्यांची?”

रोहिंतन टोपी नीट करू लागले. तशी एकशे बेचाळीस नावं होती. वंश संपलेली, घरांना कुलपं लागलेली. आलामायनं पस्तीस वर्षांत ती एकेक करून यादीच्या शेवटी घातली होती. कोणाला विचारलं नव्हतं. मोबेदही कागद समोर आला की वाचून टाकत. लोक त्यांना बिनवारशी म्हणत, ती ‘माझी माणसं’ म्हणे. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण त्याबद्दल हळहळायची मुभा तिनं कोणाला दिली नव्हती.

“पाठ आहेत का तुम्हाला?” रोहिंतननी विचारलं.

“तुम्हाला सगळी प्रार्थना पाठ आहे, तरी मध्येच घसरता. मी बाई एकशे बेचाळीस माणसं कशी पाठ ठेवू? आणि एखादा राहिला तर? दारात उभा राहील की नाही बिचारा?”

त्यात यंदा एकशे त्रेचाळिसावं नाव घालायचं होतं. समोरच्या घरातली गुलबानू फाल्गुनात गेली. एका लग्नात कस्टर्ड कोणी करपवलं यावरून दोघींचं तीस वर्षं भांडण होतं. गुलबानू खिडकीतून ओरडायची, “मी मेले तर माझं नाव लिही हो!” आलामाय म्हणायची, “लिहिते माझी जुती!” गुलबानू म्हणायची, “मग तूच आधी मर, मी शिकून घेते.” शिकली मात्र नाही. गेली, आणि खिडकी बंद झाली. तेव्हापासून आलामायला दुपारी भांडायला कोणी नव्हतं.

नैषधनं डब्यातून एक तबकडी काढली, दुकानात नेली आणि दुसऱ्या दिवशी थाळीएवढा पातळ नवा कॉम्प्युटर घेऊन आला.

“नावं शाबूत आहेत, माय. कार्यक्रमही आहे. पण नव्या यंत्रात तो चालेना. मग मी नव्याच्या पोटात एक खोटं जुनं यंत्र उभं केलं. त्याला वाटतंय, अजून नव्वद सालच आहे.”

“मग त्याला सांगू नकोस. मलाही तसंच वाटतं.”

निळा पडदा उघडला. आलामायनं एक बटण दाबलं, तर चाळीस अक्षरं सुसाट पळाली.

“अरे, याला मिरची लागली की काय?”

“नवं यंत्र फार वेगाचं आहे. थांबा, त्याला लगाम घालतो.”

लगाम बसला. यादी उघडली आणि दोघांची तोंडं उतरली. गुजरातीचा मागमूस नव्हता. सगळीकडे इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं, जणू कोंबडी नाचून गेली होती.

“अक्षरांचा साचा वेगळ्या फ्लॉपीवर होता,” नैषध हळू आवाजात म्हणाला. “ती बुरशीनं खाल्लीय. माय, इथं माझे हात टेकले.”

“टेक. मला माझे टेकू दे.”

आलामायनं चष्मा वर सरकवला. इंग्रजीत तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. पण ती चिन्हं तिनं पस्तीस वर्षं बटणांवर पाहिली होती. पडद्यावरची पहिली खूण पाहिली आणि तिचं बोट आपोआप टेबलावर एका जागी पडलं. दुसरी, तिसरी. रिकाम्या लाकडावर दहा बोटं पळायला लागली.

“फरामजी,” ती म्हणाली.

“काय?”

“इथं फरामजी लिहिलंय. बेहदीन फरामजी बेहदीन दोराब. ताडीवाला. गाढवाला टोपी घालायचा.” बोटं पुढे धावली. “ही कुंवरबाई. हा तिचा भाऊ. हा तर बावळट सोरा! अरे नैषध, सगळे इथंच आहेत रे!”

नैषध उडालाच. “माय, थांबा! कोणत्या खुणेला कोणतं अक्षर, मला सांगत चला.”

दोन दिवस दोघं त्या टेबलाला चिकटून होते. तिचं बोट पडे, ती अक्षर सांगे, तो लिहून घेई. मग त्यानं एकेका खुणेला नवं गुजराती अक्षर घडवून बसवलं. तिसऱ्या सकाळी निळ्या पडद्यावर पांढरी गुजराती अक्षरं उजळली, तेव्हा आलामाय गुडघेदुखी विसरून टेबलाभोवती गोल फिरली. नैषधला कस्टर्डची अख्खी थाळी मिळाली. त्यानं ती अख्खीच संपवली.

कागद छापून अगियारीत गेले. तासाभरात फोन वाजला.

“आलामाय,” रोहिंतनचा आवाज गंभीर होता, “तुम्ही कधी गेलात?”

“कुठं गेले? घरीच आहे.”

“नाही, यादीत पहिलंच नाव तुमचं आहे. म्हटलं, निदान कळवायचं तरी!”

आलामाय वळली. नैषधचं टक्कल लाल झालं होतं.

“माय, अक्षरं बसली का बघायला एक नाव लिहिलं होतं. पुसायचं राहिलं.”

“मेल्या! माझंच कस्टर्ड खाऊन मलाच मारलंस?” ती हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं, टेबलाची कड धरावी लागली. फोनमध्ये रोहिंतनही हसत होते.

“पुसतो लगेच,” नैषध म्हणाला.

आलामायनं डोळे टिपले. पडद्यावरच्या आपल्या नावाकडे ती जरा वेळ बघत राहिली. एकही चूक नव्हती.

“यादीतून काढ. वेगळ्या पानावर ठेव. लागेल तेव्हा शोधाशोध नको.” मग म्हणाली, “बटणं लक्षात राहिली ना तुझ्या?”

“राहिली, माय.”

“मग झालं. आता ऊठ तिथून. मला एक नाव लिहायचंय.”

मुक्तादच्या पहिल्या सकाळी अगियारीत चंदनाचा धूर भरला होता. चांदीच्या फुलदाण्यांत गुलाब होते. नैषध पारशी नव्हता, त्याला आत जाता येत नव्हतं. तो फाटकाबाहेरच्या बाकावर, मांडीवर प्रसादाच्या गोड रव्याची वाटी घेऊन, कान देऊन बसला होता.

आत रोहिंतन वाचत होते. आलामाय भिंतीलगत बसली होती आणि तिची बोटं पांढऱ्या साडीवर, गुडघ्यांवर, प्रत्येक नावाबरोबर हलत होती. फरामजी आला. कुंवरबाई आली. सोरा आला. एकशे बेचाळीस माणसं एकामागून एक आत आली.

“बेहदीन गुलबानू बेहदीन रतनशा.”

बोटं जराशी थबकली. मग एकेक अक्षर सावकाश उमटलं. शेवटी उजव्या हाताचं बोट वर उचललं गेलं, आणि गुडघ्याच्या उजव्या कडेला, जपून ठेवायच्या बटणावर, हलकेच टेकलं.