जहाजावरचं बुजगावणं

आमची नात वैष्णवी हिचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. घरात जात्यावर हळद दळायला घेतली होती आणि नवरीचा भाऊ हरेश अजून समुद्रात होता. तो मालवाहू जहाजावर खलाशी आहे. नवऱ्याचा कान पिळायचा मान त्याचा, म्हणून लग्नाला नक्की येईन असं त्याने बहिणीला कबूल केलं होतं.

सकाळीच कंपनीतून फोन आला. सोमालियाच्या बाजूला समुद्री चाचे जहाजाच्या मागे लागलेत, नौदलाला कळवलंय, धीर धरा, एवढंच तो माणूस बोलला. हरेशची आई, आमची सूनबाई अंजू, हिच्या हातातून जात्याचा खुंटा सुटला. बायका गाणं म्हणायच्या थांबल्या.

"जातं थांबवू नका गो," माझी बायको सकुबाई म्हणाली. "पोर येणार हाय."

"तुला काय ठावं?" मी म्हणालो.

"रानडुकरांना कधी भ्यायलाय का तो?"

"डुकरांकडं बंदूक नसते."

"बंदूकवाल्यालाबी जीव असतोच ना. दळा."

खर्डीच्या आमच्या शेतात भात पोटरीला आलं की सकुबाई बुजगावणं करायची. सदरा माझा, तोही न धुतलेला, माणसाचा वास यावा म्हणून. बाकीचे लोक बुजगावणं एकदा रोवून घरी जात. ही रोज संध्याकाळी त्याची जागा बदलायची. त्याच्या हाताला दोरी बांधायची आणि शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून ओढायची, की हात वर. त्याला नाव ठेवलं होतं विठू, म्हणजे माझंच. हा विठू सांगितलेलं ऐकतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. हरेश तिच्याजवळ त्या माळ्यावरच वाढला.

दुपारी त्याचा फोन आला. सकुबाईने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा जात्यावर ठेवला.

"आजी, वाचलो आमी. सगळे वाचलो."

मग त्याने सांगितलं. चाच्यांची मोठी होडी कालपासून लांबून दुर्बिणीने जहाज बघत होती. कॅप्टनने कठड्याला काटेरी तार लावली, पाण्याचे पाइप चालू ठेवले आणि कपड्यांत चिंध्या भरून खोटे पहारेकरी उभे केले. जहाजावर तशी रीतच आहे. हरेशने कॅप्टनला विचारून प्रत्येक पहाऱ्याला त्यांच्या जागा बदलल्या. मागच्या टोकाच्या पुतळ्याच्या हाताला बंदुकीसारखी दिसणारी लोखंडी नळी बांधली, आणि हाताची दोरी दाराखालून आत नेली.

"कॅप्टन बोलले, ओढ, पण आतूनच. मग दोन छोट्या होड्या शिडी घेऊन आल्या. शिडी लावणार तेवढ्यात मी ओढली."

"मंग?"

"नळी थेट त्यांच्यावर. होडी वळली ना. लांबून गोळ्या मारल्या त्यांनी. त्याला लागल्या, पण पडतोय कुठं तो? मी परत हात वर केला. त्यांना कळंना, हा माणूस मरतो का नाय. तेवढ्यात कॅप्टननी जहाज डावी-उजवीकडं फिरवत पुढं काढलं, आणि आपल्या नौदलाचं हेलिकॉप्टर आलं. बंदुका पाण्यात टाकून हात वर केले सगळ्यांनी."

"नाव काय ठेवलंस त्याचं?" सकुबाईने विचारलं.

"विठू."

सगळं अंगण हसलं. अंजू रडता रडता हसली. सकुबाई माझ्याकडे वळली.

"बघा. तिकडं तरी कामाला आलात."

हरेश हळदीच्या दिवशी पोचला. लग्नात त्याने मुरबाडच्या नवऱ्याचा कान असा पिळला की वऱ्हाड उठून बघायला लागलं. "चाचे सोडले, मला धरलंन," नवरा म्हणाला. मानाचा पोशाख हातात पडला तेव्हाच हरेशने कान सोडला.

पुतळ्याचा गोळ्यांनी भोकं पडलेला कपडा हरेशने आजीला आणून दिला. त्या वर्षी आमच्या शेतात तोच उभा होता. सकुबाईने कापणीपर्यंत रोज त्याची जागा बदलली, आणि एकही डुक्कर बांधाच्या आत आलं नाही.

नोव्हेंबर दोन हजार चोवीसमध्ये, भात घरात आल्यावर, सकुबाई वारली.