गुरुवारचा लाल दिवा

अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत दर गुरुवारी दुपार कलली की चपलांचा ढीग पडायचा. देवळापुढे नव्हे, दगडोबाच्या पडवीत उभ्या असलेल्या मोटारसायकलीपुढे. टाकीवर हळदीकुंकू, हँडलला झेंडूचा हार, आरशाला लिंबू. गाडी बंद. किल्ली सगळ्यांच्या देखत परातीत ठेवलेली. शेजारी पाटावर ज्योतीमहाराज बसलेले. ते उदगीरकडून आले एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि लोकांना तेवढं पुरत होतं.

"किल्ली न्हाई, पेट्रोल न्हाई, बटणाला कुणाचा हात न्हाई!" महाराज गरजले. "मग उजेड कोणाचा? बजरंगा, हाइस का रे लेकरा?"

दगडोबाची पोरगी ऋतुजा हिच्या हातातला तांब्याचा कलश घेऊन त्यांनी हँडलच्या डाव्या मुठीवर तीर्थाची धार सोडली. गाडीमागची लाल पट्टी हळूहळू उजळली. बायांचे पदर तोंडाला गेले. एका म्हाताऱ्यानं मागच्या चाकावर डोकं टेकलं. बजरंगची आई, सिंधु, तेवढी रडली नाही. ती हसत होती.

भिंतीला टेकलेल्या पाशामियाँना ते हसू बघवेना. बसस्टँडजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि ती लाल पट्टी त्यांनीच बसवली होती.

बजरंग तेवीस वर्षांचा, पायाला भिंगरी लागलेला. किनवटच्या जंगलापर्यंत फिरून झालं होतं, आता लडाखला जायचं होतं. "काका, जुने बल्ब बॅटरी पिऊन टाकतेत. सगळे एलईडी करा," म्हणाला. हेडलाइट बदलला, साइडचे दिवे बदलले. रस्त्याकडेला गाडी बंद करून उभी केली तरी मागून येणाऱ्याला दिसावी, म्हणून एक लाल पट्टी थेट बॅटरीवर जोडली आणि तिचं बटण डाव्या मुठीजवळ बसवलं. बटणावरचं रबरी झाकण तेवढं मिळालं नाही. "देगलूरहून मागवलंय. येईपर्यंत गाडीवर पाणी मारू नको," पाशामियाँनी बजावलं होतं. चौथ्या दिवशी बजरंगला ताप भरला. आठ दिवस नांदेडच्या दवाखान्यात काढले आणि पोर गेलं. झाकण आलं ते त्याच्या दहाव्याच्या दिवशी. वर पेन्सिलीनं 'बजरंग' लिहिलेल्या पुडीत ते अजून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

दसऱ्याला बजरंगच्या बापानं, दगडोबानं, पूजेसाठी गाडी धुतली आणि पट्टी आपोआप लागली. सिंधु आनंदानं ओरडली, "माझं लेकरू आलं!" पंधरा दिवसांत महाराज हजर झाले. गुळाला मुंगळा लागायला कितीसा वेळ लागतो!

पाशामियाँना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दोन महिने अन्नाला न शिवलेली सिंधु त्या दिव्यामुळे जेवू लागली होती. तिच्या ताटातला घास काढायचा कसा? शिवाय परक्या देवाधर्मात तोंड घालायला जीव धजावत नव्हता.

शुक्रवारी ऋतुजा दुकानात आली. बजरंगनं स्वतः लातूरला नेऊन क्लासला घातलेली त्याची धाकटी बहीण. तिला डॉक्टर व्हायचं होतं. दोन महिन्यांपासून ती घरीच होती.

"महाराज म्हणतात, दादाचा जीव माझ्या हातावर आहे. कलश मीच धरायचा, लातूरला गेले तर दिवा विझंल. पुढच्या सोमवारपर्यंत आले न्हाई तर नाव काढतो म्हणून क्लासचा फोन आलाय. परीक्षा तर तोंडावर आलीय, काका."

"आईला बोललीस?"

"काय बोलू? आईपुढं शंका काढायची म्हंजी दादाला दुसऱ्यांदा मारल्यावाणी हाय." मग ती हळूच म्हणाली, "ते तीर्थ कुणाला पिऊ देत न्हाईत. मी बोट चाटून बघितलं. खारट हाय."

देवाचं तीर्थ, आणि प्यायला मनाई! पाशामियाँना हसू यायला हवं होतं. त्यांना आठवला तो चोवीस वर्षांमागचा भूकंप. त्र्याण्णव साली सिंधुचं माहेर सगळं मातीखाली गेलं, तेव्हा विशीतले पाशामियाँ जनरेटर आणि दिवे घेऊन मदतीला गेले होते. एका ढिगाऱ्यातून ठकठक ऐकू यायची. "माझा भाऊ वाजवतोय," म्हणत नवी नवरी सिंधु दोन दिवस तिथून हलली नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. पाशामियाँनी पहिल्याच संध्याकाळी दिवा फिरवून बघितलं होतं. वाऱ्यानं एक वाकडा पत्रा वाशावर आपटत होता. त्यांच्याच्यानं सांगवलं नाही. भाऊ सापडला तो केव्हाचा गेलेला. त्या दोन दिवसांबद्दल ते स्वतःला कधी माफ करू शकले नव्हते.

पुढच्या गुरुवारी ते पिशवी घेऊन पडवीत आले. महाराजांनी कलश उचलायच्या आधीच त्यांनी पिशवीतून एक बॅटरी, तसलीच लाल पट्टी आणि काचेचा ग्लास काढून ओट्यावर मांडला.

"ताई, पाच मिनिटं द्या मला."

बॅटरीला जोडलेल्या पट्टीची तार मधेच तोडलेली होती. तिची दोन्ही उघडी टोकं त्यांनी ग्लासातल्या पाण्यात, एकमेकांना न चिकटवता सोडली. पट्टी मिणमिणली. मग घरातून मागवलेलं चिमूटभर मीठ टाकलं. पट्टी झळकली.

"हा कोणाचा आत्मा, महाराज?" पाशामियाँनी विचारलं.

कुणीतरी फिसकन हसलं. पट्टी काढून त्यांनी त्याच तारांना जुना बल्ब जोडला. बल्ब ढिम्म.

"जुना बल्ब म्हंजी बैल. त्याला पेंढी लागती. एलईडी म्हंजी चिमणी, चार दाण्यांवर भागतंय तिचं. खाऱ्या पाण्यातून जराशीच वीज जाती, पण हिला तेवढी पुरती. बजरंगच्या बटणाला झाकण न्हाई. पाणी आत जातंय अन् दिवा लागतोय. झाकण बसवायचं राहिलं, ती चूक माझी. तुमचा चमत्कार माझ्या अर्धवट कामावर उभा हाय."

"अरे, गाडीला यवनाचा हात लागला!" महाराज उठले. "आत्मा विटाळला! आता दिवा लागणार न्हाई!"

दगडोबा उभा राहिला. "त्याच हातानं माझ्या लेकाची गाडी सजलीय. आन् दिवा लागणार न्हाई म्हंता? लाव रं पाशा."

पाशामियाँनी मुठीवर अर्धा कलश ओतला. पट्टी उजळली. बटण पुसून, फुंकून कोरडं केलं, पुडीतलं झाकण घट्ट बसवलं, आणि उरलेला कलश ओतला. काहीच झालं नाही. लोक भानावर येऊन महाराजांकडे वळले, तेव्हा पाट रिकामा होता. पळताना महाराज आपली चप्पलसुद्धा विसरले.

सिंधु गाडीजवळ गेली. विझल्या पट्टीवरून तिनं हात फिरवला.

"पाशाभाई, यात माझा बजरंग न्हाई?"

"न्हाई ताई."

"कवाच नव्हता?"

"कवाच नव्हता. तिकडं भूकंपात, ती ठकठक पत्र्याची हुती. मला म्हाईत हुतं. तवा मी तोंड उघडलं न्हाई. आज बी गप बसलो असतो तर अल्लाला काय तोंड दावलं असतं?"

सिंधु मटकन खाली बसली. भाऊ सापडला तेव्हा ती अशीच बसली होती. बजरंग गेल्यापासून न रडलेली ती बाई ऋतुजाला मिठी मारून ढसाढसा रडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातला मुलगा खरोखर गेला. कुणी तिला गप्प केलं नाही. दुःख खरं असेल तर त्याला वाट मिळाली पाहिजे. खोट्या दिव्यानं ते सरत नाही, नुसतं ताटकळत राहतं, आणि तोवर घरातल्या जिवंत लेकराचा रस्ता अडवून धरतं.

म्हणून सांगायचं ते एवढंच. दिवा आपोआप लागला तर हात जोडायच्या आधी तार कुठून आलीय ते बघा. दिसली नाही, तर जाणत्याला विचारा. आणि आपण जाणते असू, तर पाशामियाँसारखं चोवीस वर्षं थांबू नका.

सोमवारी सकाळी धुकं होतं. टाकीवरचं कुंकू पुसून दगडोबानं गाडी बाहेर काढली. मागे ऋतुजा, मांडीवर पुस्तकांची पिशवी. लातूरचा रस्ता ट्रकांचा. दारात उभी सिंधु गाडीजवळ आली, डोळे पुसले, आणि रबरी झाकणावर अंगठा दाबून तिनं स्वतःच्या हातानं लाल दिवा लावला.

"मागून येणाऱ्याला दिसाया पायजे," ती म्हणाली. "त्यासाठीच लावला हुता त्यानं."