बिल्ला ओळखणारा

मित्रांनो, मी एक जुना, डोळ्यांना न दिसणारा प्रथिनाचा तुकडा आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये, अगदी मागच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या नळीत माझा मुक्काम असतो.

आमचं घराणं तुमच्या शरीरातलंच. पेशीतल्या एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा बिल्ला लागला, की बऱ्याचदा ते कामाला लागतं. बिल्ला निघाला, की गप्प बसतं. तो बिल्ला ओळखून धरायचा, हे माझ्या पूर्वजांचं काम. पण त्यांची पकड सैल. धरलं की सोडलं. पेशीला तेवढंच पुरतं.

बिल्ला आहे की नाही, हे प्रयोगशाळेत तपासायला मात्र घट्ट पकड लागते. ते काम तेव्हा सशाच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं करत. एका सशाची प्रतिपिंडं फार गुणी होती. तो ससा गेला, आणि दुसऱ्याची प्रतिपिंडं भलत्याच प्रथिनांना चिकटू लागली. तेव्हा प्रयोगशाळेतल्या ताईने मला घडवायला घेतलं.

"अगं, ही सोडणाऱ्यांची जात," तिचे सर म्हणाले. "हा काय धरून ठेवणार?"

"शिकवून बघते, सर."

माझ्या रचनेत इथे-तिथे बदल करून तिने मला असंख्य भावंडं दिली. आम्हांला बिल्ल्यांवर सोडायचं आणि खळखळून धुवायचं. वाहून गेले ते गेले. मी टिकलो, पण इतका, की दिसेल त्या बिल्ल्याला मिठी मारू लागलो. ताईने कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ओळख ना पाळख, आणि गळ्यात पडतोस!"

पुन्हा बदल, पुन्हा धुणं. शेवटी मी बिल्ल्याच्या आजूबाजूची जागाही निरखायला शिकलो. आपला असेल तोच धरायचा, बाकीच्यांना वाट द्यायची.

मग एका बसचालकाच्या कर्करोगाच्या गाठीचे, औषधाआधीचे आणि नंतरचे, नमुने आले. त्याचं औषध गाठीतल्या प्रथिनाचा बिल्ला काढतंय का, हे बघायचं होतं. प्रतिपिंडांनी सांगितलं, बिल्ला जागच्या जागी आहे, म्हणजे औषध वाया. मी मात्र औषधानंतरच्या नमुन्यावर कुठेच बसलो नाही.

"तुझा तुकडा झोपलाय," सर म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "झोपला असता, तर औषधाआधीच्या नमुन्यावर गच्च कसा बसला? औषध थांबवायच्या आधी एकदा यंत्रावर बघू या ना."

प्रथिनांचे कण तोलणाऱ्या मोठ्या यंत्राने माझी बाजू घेतली. बिल्ला नव्हताच! औषध चालू राहिलं, गाठ आक्रसत गेली. सर ताईला म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

बरा झाल्यावर तो बसचालक बायकोला घेऊन मला बघायला आला. नळी उजेडात धरून म्हणाला, "यात तर नुसतं पाणी आहे!"

"हळू धरा हो, सांडाल," त्याची बायको ओरडली.

मग तो हलकेच म्हणाला, "दिसत नाहीस, पण तुझे उपकार आहेत बाबा."

मित्रांनो, त्या दिवशी गोठलेला असतो तरी वितळलो असतो!

पुढे ताई दुसऱ्या कामाला लागली. नवी मुलं आली. लागेल तसं मला बाहेर काढायचं, वितळवायचं, थेंबभर घ्यायचं आणि पुन्हा बर्फात कोंबायचं. दर खेपेला माझी घडी थोडी विस्कटत गेली. एके दिवशी समोर माझाच बिल्ला होता, आणि मला तो धरता आला नाही.

"टाकाऊ आहे हा," एक मुलगी वैतागून म्हणाली.

ताईने ते ऐकलं. "टाकाऊ नव्हता गं. आपण नीट ठेवला नाही." माझा आराखडा तिच्याकडे आहे, त्यावरून जिवाणूंच्या पोटात नवा मी तयार होतो आहे. तिने आधीच रिकाम्या नळ्या मांडून त्या मुलीला जवळ बोलावलं आहे.

मित्रांनो, त्या नव्याचे छोटे छोटे वाटे करा. एका वेळी एकच वितळवा. आणि कुणाचे हात सैल पडले, तर त्याला टाकून देण्याआधी एवढं विचारा, की आपण त्याला किती वेळा गोठवलं होतं?